तेरा वसाहती राजनिष्ठ राहिल्या असत्या, तर पावती कोणाच्या नावे फाटली असती?

१७७५ साली ब्रिटनच्या राजाच्या नावाने चालणाऱ्या वसाहती उत्तर अमेरिका आणि कॅरिबियन बेटं मिळून पंचवीसच्या आसपास होत्या. बंड केलं तेरांनी. जमैका, बार्बाडोस, बर्म्युडा, नोव्हा स्कोशिया, क्वेबेक, पूर्व आणि पश्चिम फ्लोरिडा यांनी केलं नाही. त्यामुळे ‘अमेरिकी वसाहती राजाशी एकनिष्ठ राहिल्या असत्या तर काय झालं असतं?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर कल्पनेत शोधायची गरजच नाही. राजनिष्ठ राहिलेल्या वसाहतींचं पुढे काय झालं, याची दफ्तरं उपलब्ध आहेत.

पर्यायी इतिहास रंगवणारे या दफ्तरांकडे फारसे वळत नाहीत. त्यांचं चित्र ठरलेलं असतं. अमेरिका हा मोठा कॅनडा झाला असता, गुलामगिरी १८३३ सालीच संपली असती, मूळ रहिवाशांच्या जमिनी वाचल्या असत्या, आणि अमेरिका हाताशी असल्याने इंग्रजांनी हिंदुस्थानाकडे एवढं लक्ष दिलं नसतं. या चित्रातून एक राजकीय निष्कर्षही अलगद काढला जातो: साम्राज्यात राहून सावकाश स्वराज्य मिळवणं हाच कमी रक्तपाताचा आणि म्हणून शहाणपणाचा रस्ता होता. मला हा निष्कर्ष मान्य नाही. तेरा वसाहतींची निष्ठा टिकवणं शक्य होतं, पण ती एकाच अटीवर टिकली असती: त्यांच्याकडून पैसा मागायचा नाही. आणि साम्राज्याचा खर्च तर थांबत नव्हता. तो कोणीतरी भरणारच होतं.

हिशेबापासूनच सुरुवात करू. सप्तवार्षिक युद्ध १७६३ साली संपलं तेव्हा ब्रिटनचं राष्ट्रीय कर्ज साडेसात कोटी पौंडांच्या आसपासवरून १३ कोटींच्या वर गेलं होतं. महसुलातला निम्म्याच्या आसपास भाग व्याजातच जात होता. फ्रेंचांकडून मिळालेला मुलूख आणि ॲपलेशियन पर्वतरांगेची सीमा राखायला अमेरिकेत सुमारे १० हजार सैनिक ठेवायचं ठरलं. त्याचा पहिला अंदाज वर्षाला सव्वादोन लाख पौंड होता, प्रत्यक्ष खर्च त्याहून वाढत गेला. त्यातला काही भाग तिथूनच वसूल व्हावा म्हणून १७६५ चा स्टॅम्प कायदा आला. अपेक्षित उत्पन्न होतं वर्षाला सुमारे ६० हजार पौंड.

रक्कम तशी किरकोळ होती. माणशी पाहिली तर ब्रिटनमधला करदाता कितीतरी जास्त भरत होता. कायदा बुडाला तो वसुलीच्या रचनेमुळे. शिक्क्याचा कागद लंडनहून यायचा आणि प्रत्येक वसाहतीत नेमलेल्या वितरकाकडूनच घ्यायचा. कोर्टातला अर्ज, जमिनीचं खरेदीखत, दारूचा परवाना, वर्तमानपत्र, पत्त्यांचा जोड, फासे, सगळं त्यात आलं. पैसे भरायचे ते ब्रिटिश चलनात. आणि रोख नाण्यांची टंचाई असलेल्या या मुलखात कागदी चलन काढण्यावर आदल्याच वर्षी कायद्याने निर्बंध आलेले. कायदा मोडला तर खटला नौदलाशी संबंधित न्यायालयात, ज्युरीशिवाय. म्हणजे वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि खानावळवाले या चार बोलक्या वर्गांना एकाच कायद्याने एकदम दुखावलं. १ नोव्हेंबर १७६५ ला अंमल सुरू होण्याच्या आतच जमावाच्या धाकाने जवळजवळ सगळ्या वितरकांनी राजीनामे दिले. कागद विकायला माणूसच उरला नाही. फक्त जॉर्जियात थोडाफार विकला गेला. मार्च १७६६ मध्ये संसदेने कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा कायदा करून ‘वसाहतींना सर्व बाबतींत बांधील करण्याचा’ आपला अधिकार नोंदवून ठेवला. पैसा सोडला, हक्क ठेवला. पुढची दहा वर्षं भांडण त्या हक्कावरच झालं.

आता याच वहीचं दुसरं पान. १७६७ साली अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड यांनी अमेरिकेत काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली. त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने सरकारला वर्षाला ४ लाख पौंड देण्याचं कबूल केलं. कंपनीला दोन वर्षांपूर्वीच बंगालची दिवाणी मिळाली होती, आणि तिकडच्या महसुलात लंडनच्या तिजोरीला वाटा हवा होता. अमेरिकेकडून मागितलेले ६० हजार आणि कंपनीकडून मिळणारे ४ लाख हे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. बोस्टनचे वकील ज्या रकमेसाठी संतापले होते, तिच्या सहापटीहून जास्त रक्कम बंगालच्या रयतेच्या जोरावर गाजावाजा न होता ठरली. त्या रयतेला विधानसभा नव्हती, छापखाना नव्हता, ज्युरी नव्हती.

१७६९-७० मध्ये बंगालात दुष्काळ पडला. कंपनीचा लष्करी खर्च फुगला होता, लाभांश वाढवला गेला होता, आणि १७७२ च्या लंडनमधल्या पतसंकटात कंपनी डबघाईला आली. १७७३ साली सरकारने तिला १४ लाख पौंड कर्ज दिलं, तिच्या कारभारावर देखरेख आणणारा रेग्युलेटिंग कायदा केला, आणि गोदामांत पडून असलेला दीड कोटी रतलांहून जास्त चहा खपावा म्हणून चहाचा कायदा केला. कंपनीने आपल्याच अडत्यांमार्फत चहा थेट अमेरिकेत पाठवायचा, इंग्लंडातली जकात परत मिळायची, फक्त अमेरिकेतली दर रतलामागे ३ पेन्सची टाउनशेंड जकात राहायची. हा चहा चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. पण ते ३ पेन्स भरणं म्हणजे संसदेचा हक्क मान्य करणं, आणि अडते निवडक असल्याने बाकीचे व्यापारी धंद्याबाहेर. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या, सुमारे ९२ हजार रतल चहा पाण्यात गेला. अमेरिकन क्रांतीचं निमित्त ठरलेला हा माल कलकत्त्यात फसलेल्या जमाखर्चाची भरपाई होता, ही गोष्ट पर्यायी इतिहास लिहिणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवायला हवी. अमेरिका एका कप्प्यात आणि हिंदुस्थान दुसऱ्यात, असं लंडनला कधी दिसतच नव्हतं.

इतिहास वळवायचा तर नेमका कुठे वळवायचा? ‘राजा जरा समजूतदार असता’ एवढं पुरत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या सभागृहात, कोणाची मतं फिरली असती हे सांगता आलं पाहिजे. सगळ्यात जवळची जागा २८ सप्टेंबर १७७४ ची. फिलाडेल्फियात भरलेल्या वसाहतींच्या पहिल्या संयुक्त सभेपुढे, म्हणजे काँग्रेसपुढे, पेनसिल्व्हेनियाच्या जोसेफ गॅलोवे यांनी एक योजना मांडली. वसाहतींच्या विधानसभांनी तीन वर्षांसाठी निवडलेली महापरिषद; तिच्यावर राजाने नेमलेला, राजाची मर्जी असेपर्यंत राहणारा महाध्यक्ष; आणि सर्व वसाहतींना लागू होणाऱ्या कायद्याला महापरिषद आणि ब्रिटिश संसद या दोघांचीही संमती. एका वसाहतीच्या मताने योजना बाजूला पडली. पुढे काँग्रेसच्या छापील कामकाजात तिचा उल्लेखही ठेवला नाही.

समजा ते एक मत फिरलं असतं. तरी लंडनची संमती लागलीच असती, आणि तिथली हवा फेब्रुवारी १७७५ मध्ये मॅसॅच्युसेट्सला बंडखोर ठरवण्यापर्यंत गेली होती. समजा तीही मिळाली. मग योजना चालवायची कशी? अटलांटिक पश्चिमेकडे ओलांडायला समोरच्या वाऱ्यात सहा ते आठ आठवडे लागत. १९ एप्रिल १७७५ ची लेक्सिंग्टनची चकमक, म्हणजे या युद्धातली पहिली, लंडनला २८ मे रोजी कळली, आणि तीही खास वेगवान जहाज पाठवल्यामुळे. दोन्ही बाजूंना नकाराधिकार असलेल्या रचनेत एका दुरुस्तीच्या पत्रव्यवहाराला चार महिने धरले तर एका कायद्याला वर्ष गेलं असतं. सीमेवर लढाई पेटली असताना सैन्याच्या खर्चाचं विधेयक असं फिरत राहिलं, तर राज्यपाल संमतीची वाट पाहत बसत नाही. तो हुकूम काढतो. मग पुन्हा तेच भांडण.

ही केवळ कल्पना नाही, कारण जवळपास अशीच व्यवस्था आयर्लंडात करून पाहिली गेली. १७८२ साली, अमेरिकेतला पराभव ताजा असताना, डब्लिनच्या संसदेला कायदे करण्याची स्वायत्तता मिळाली. राजा एकच, संसदा दोन. कार्यकारी सत्ता मात्र लंडनने नेमलेल्या व्हाइसरॉयच्या हाती राहिली. १७९८ मध्ये बंड झालं, आणि १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंडची संसदच बरखास्त होऊन सभासद वेस्टमिन्स्टरला बसू लागले. अठरा वर्षांत खेळ आटोपला. हे विलीनीकरण झालं तेव्हा डब्लिनचे व्हाइसरॉय होते लॉर्ड कॉर्नवॉलिस, अमेरिकेत यॉर्कटाउनला बंडखोरांना शरण गेलेले, मधल्या काळात बंगालात कायमधारा लावून टिपूशी मराठे आणि निजाम यांच्या साथीने लढलेले. नंतर १८०५ साली होळकरांशी चाललेलं युद्ध आवरायला पुन्हा इकडे आले आणि गाझीपूरला वारले. साम्राज्याचे कप्पे वेगळे नव्हते, हे या एका माणसाच्या नोकरीच्या नोंदींवरूनही कळतं.

दुसरा तोडगा म्हणजे अमेरिकेला थेट ब्रिटिश संसदेत जागा देणं. इथे लोकसंख्येचं गणित आडवं येतं. १७७५ च्या सुमारास तेरा वसाहतींत २५ लाख माणसं होती आणि पंचवीसेक वर्षांत ती दुप्पट होत होती. फ्रँकलिन यांनी हे १७५१ सालीच लिहून ठेवलं होतं. ॲडम स्मिथ यांनी तर करांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व दिलं तर शंभरेक वर्षांत साम्राज्याची राजधानीच पलीकडच्या किनाऱ्यावर जाईल, असं स्वच्छ मांडलं. १८५० च्या सुमारास अमेरिकेची लोकसंख्या ग्रेट ब्रिटनच्या पुढे गेलीच. मँचेस्टरला स्वतःचा खासदार मिळायला १८३२ उजाडलं. अशा संसदेतल्या खासदारांनी बोस्टन-न्यूयॉर्कला बहुमत दिलं असतं असं मानायला मोठा विश्वास लागतो.

पोर्तुगालने दूरच्या मुलखांना संसदेत जागा देऊन पाहिल्या. १८२१ मध्ये लिस्बनची संसद भरली; ब्राझीलचे प्रतिनिधी पोचेपर्यंत कामकाज सुरू होऊन महिने लोटले होते, आणि त्या संसदेने ब्राझीलला पुन्हा दुय्यम दर्जाला ढकलायचं ठरवताच १८२२ मध्ये ब्राझील वेगळा झाला. त्याच सुमारास गोव्यातून निवडले गेलेले बर्नार्दो पेरेस द सिल्व्हा पुढे लिस्बनच्या हुकमाने गोव्याचे प्रिफेक्ट, म्हणजे मुख्य प्रशासक, झाले. १८३५ च्या जानेवारीत त्यांनी सूत्रं घेतली, आणि तीन आठवड्यांच्या आत तिथल्या लष्करी बंडाने त्यांना हाकलून लावलं. राजधानीने दिलेला हक्क जागेवरचा शिपाई मोडू शकतो, आणि राजधानीला ते कळेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

उरला तिसरा मार्ग: कर मागायचाच नाही. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी फेब्रुवारी १७७५ मध्ये याची अर्धवट तयारी दाखवली, आणि १७७८ साली संसदेने महसुलासाठी वसाहतींवर कर न लावण्याचा कायदा केला. तोवर अमेरिकेत साराटोगाला इंग्रजांचा पराभव झाला होता आणि फ्रान्सशी अमेरिकेचा करार होऊन गेला होता. पण हा कायदा १७७५ च्या जानेवारीत झाला असता तर? इथे मात्र पर्यायी इतिहास खरोखर शक्य वाटतो. काँग्रेसमधल्या बहुतेकांना तोवर स्वातंत्र्य नको होतं. जुने हक्क हवे होते. मला विचाराल तर वळणाची एकमेव खरी जागा ही.

आणि इथेच पावतीचा प्रश्न उभा राहतो. करमुक्त, राजनिष्ठ अमेरिका म्हणजे मिसिसिपीपर्यंतची सीमा, फ्रान्स-स्पेनशी वैर, अटलांटिकचं आरमार, हे सगळं सांभाळायचं आणि त्यातला एक छदामही तिथून येणार नाही. राजनिष्ठ राहिलेल्या कॅनडात नेमकं हेच झालं. १८४८ पासून तिथे जबाबदार राज्यपद्धती (म्हणजे निवडलेल्या विधानसभेला उत्तरदायी मंत्रिमंडळ) होती, तरी संरक्षणाचा मोठा भार ब्रिटिश तिजोरीवर होता. हॅलिफॅक्ससारखे नौदल तळ वगळता ब्रिटिश पलटणी १८७१ मध्ये परत गेल्या. हिंदुस्थानात उलट. इथली गोरी पलटणही इथल्या महसुलावर पोसली जाई. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्च हिंदुस्थानच्या खाती पडला. १८६७-६८ मध्ये ॲबिसिनियावर स्वारी झाली, तिच्याशी हिंदुस्थानचा काडीचाही संबंध नव्हता, तरी तिथे नेलेल्या हिंदी सैन्याचा नेहमीचा पगार इथूनच गेला. कंपनीच्या भागधारकांना १८३३ च्या सनदेने साडेदहा टक्के, म्हणजे वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड लाभांश बांधून दिला, तोही हिंदुस्थानच्या महसुलातून.

म्हणून ‘अमेरिका राहिली असती तर हिंदुस्थान सुटला असता’ हा दावा मला उफराटा वाटतो. तारखाही त्याच्या विरुद्ध आहेत. प्लासी १७५७, बक्सार १७६४, दिवाणी १७६५. अमेरिका गमावण्याच्या कितीतरी आधी हे उरकलं होतं. उलट १७७५ ते १७८३ हा काळ पुण्याच्या दरबाराला बरा गेला. मार्च १७७५ मध्ये राघोबांनी सुरतेला इंग्रजांशी करार केला आणि पहिलं मराठा-इंग्रज युद्ध पेटलं. पण नाना फडणवीसांच्या दरबारात १७७७ मध्ये फ्रेंच वकील सेंट ल्युबिन वावरत होता, जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांची नाचक्की झाली, आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहात इंग्रजांनी राघोबांचा पक्ष सोडला. हे सगळं अमेरिकेमुळे झालं असं म्हणणं महादजी शिंद्यांवर अन्याय होईल. पण अमेरिकेत युद्ध नसतं तर १७७८ मध्ये फ्रान्स त्यात उतरला नसता, आणि इंग्रजांचं आरमार, पैसा, लक्ष एवढं विभागलं गेलं नसतं. राजनिष्ठ अमेरिकेचा पहिला तोटा पुण्याला झाला असता, असं मी म्हणेन.

गुलामगिरीचा दावा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा. १८३३ चा कायदा झाला तेव्हा ब्रिटिश वसाहतींत सुमारे ८ लाख गुलाम होते, आणि मालकांना (गुलामांना नव्हे) २ कोटी पौंड भरपाई दिली गेली. ती सरकारच्या वार्षिक खर्चाच्या ४० टक्क्यांच्या घरात होती. १८३० च्या जनगणनेत एकट्या अमेरिकेत २० लाख गुलाम होते. त्याच दराने त्यांचे ५ कोटी वेगळे लागले असते. वर राजकारण: वेस्ट इंडिजचे साखर-मळेवाले एकटे असताना कायदा व्हायला इतकी वर्षं लागली, त्यांना व्हर्जिनिया-कॅरोलिनाचे कापूसवाले आणि त्यांच्या कापसावर चालणारी लँकेशायर (इंग्लंडातला कापडगिरण्यांचा परगणा) येऊन मिळाली असती, तर १८३३ हे साल कुठून आलं असतं? जमैका राजनिष्ठ का राहिली तेही पाहा. तिच्या विधानसभेने डिसेंबर १७७४ मध्ये अमेरिकी वसाहतींच्या बाजूने राजाला अर्ज पाठवला होता. पण बेटावर दहातली नऊ माणसं गुलाम. त्यांच्या उठावाच्या भीतीने मळेवाल्यांना राजाची पलटण हवी होती, आणि साखरेला इंग्लंडची राखीव बाजारपेठ.

व्हर्जिनियाचे राज्यपाल डन्मोर यांनी नोव्हेंबर १७७५ मध्ये गुलामांना स्वातंत्र्य देऊ केलं ते फक्त बंडखोरांच्या. राजनिष्ठ मालकाचा गुलाम गुलामच राहिला. बंडच नसतं, तर ती घोषणाही नसती, आणि न्यूयॉर्कहून नोव्हा स्कोशियाला मुक्त होऊन गेलेले सुमारे ३ हजार कृष्णवर्णीयही नसते. पेनसिल्व्हेनियाचा १७८० चा क्रमशः मुक्तीचा कायदा क्रांतीच्या लाटेतच आला. राजघराणं टिकवून वेगळा झालेला ब्राझील गुलामगिरी संपवायला १८८८ पर्यंत थांबला, म्हणजे अमेरिकेनंतर तेवीस वर्षं. आणि १८३३ च्या त्या गाजलेल्या कायद्यातून कंपनीचा मुलूख वगळलेला होता. हिंदुस्थानात कायदा व्हायला १८४३ उजाडलं.

मूळ रहिवाशांबद्दल थोडक्यात. १७६३ च्या जाहीरनाम्याने ॲपलेशियनच्या पलीकडे वस्तीला बंदी केली, हे खरं. पाचच वर्षांत स्टॅनविक्सच्या तहाने ती रेघ पश्चिमेला सरकली. राखायला पैसा नसलेली रेघ कागदावरच राहते, आणि करमुक्त अमेरिकेत तो पैसा आणखी कमी असता. कॅनडातले १८७१ पासूनचे तह आणि राखीव वस्त्या पाहिल्या की युद्धं कमी झाली एवढं मान्य करावं लागतं. जमीन मात्र तिथेही गेलीच.

राजनिष्ठेचं फळ कोणाला मिळत होतं, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते जकातीत. १८५९ साली कॅनडाचे अर्थमंत्री अलेक्झांडर गॉल्ट यांनी आयात मालावरची जकात वाढवली, ब्रिटिश मालावरसुद्धा. शेफिल्डच्या कारखानदारांनी तक्रार केली, लंडनने ती पुढे पाठवली, आणि गॉल्ट यांनी कळवलं की कॅनडाचे कर कॅनडाची विधानसभा ठरवेल. लंडन गप्प बसलं. १८८२ मध्ये हिंदुस्थानच्या सरकारने लँकेशायरच्या दबावाखाली कापडावरची आयात जकात काढून टाकली. १८९४ मध्ये तिजोरीच्या ओढगस्तीपायी ती परत लावावी लागली, तेव्हा लँकेशायरला तोटा नको म्हणून इथल्या गिरण्यांवरही कर बसवला, आणि १८९६ पासून मुंबईच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी सुरू झाली. १९०५ मध्ये बनारसच्या काँग्रेसमध्ये अध्यक्ष गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्वायत्त वसाहतींसारखंच स्वराज्य मागितलं, साम्राज्याशी एकनिष्ठ राहूनच. कापडावरची ती अबकारी त्यानंतरही वीस वर्षं चालू राहिली.